आसनगावची लोकल आणि फोर्टातली हिरवी गोल बाग

आम्हा शहापूरकरांची मुंबई म्हणजे आसनगावहून लोकल आणि थेट सीएसएमटी. मुरबाडकरांना आधी एसटीनं कल्याण गाठावं लागतं. कामं उरकली की बहुतेक जण परतीची गाडी धरतात. मी मात्र हॉर्निमन सर्कलच्या बागेत शिरतो.

ही जागा पूर्वी 'बॉम्बे ग्रीन' नावाचं उघडं मैदान होती. पुढे तिथे कचरा साचू लागला. मग गोलाकार इमारती उभ्या राहिल्या, मधोमध बाग झाली. 1872 मध्ये ती पुरी झाली. नाव पडलं एल्फिन्स्टन सर्कल. समोरचा टाऊन हॉल त्याहून जुना, 1833 चा. त्याच्यापुढच्या वडाखाली शेअर दलाल जमत; आजच्या शेअर बाजाराचं मूळ तिथलंच!

स्वातंत्र्यानंतर गव्हर्नर एल्फिन्स्टनचं नाव गेलं, बेंजामिन हॉर्निमनचं आलं. हा 'बॉम्बे क्रॉनिकल'चा इंग्रज संपादक. स्वातंत्र्य चळवळीची बाजू घेतो म्हणून 1919 मध्ये सरकारनं त्याला थेट मायदेशी धाडलं. तिथूनही त्यानं जालियनवाला बागेबद्दल लिहिलं. मला हे नामांतर मनापासून पटतं.

फोर्टात काम निघालं तर दहा मिनिटं आत बसा. वडापाव मात्र बाहेरच संपवा.