झिजलेलं आणि घासलेलं

दिवाळी नुकतीच सरली आहे. शेतांत धानाची कापणी चालू आहे, त्यामुळे भंडाऱ्याच्या सराफ्यात सकाळी गर्दी नाही. पवनीकडच्या एका गावातून आलेल्या मावशी गादीवर बसतात आणि कमरेची पुरचुंडी सोडतात. आत चांदीचे नऊ जुने रुपये. आठ लख्ख पांढरे, एक काळाकुट्ट.

"सासूनं मले देल्ले होते. नातीचं लग्न हाय, पैंजण करून द्या."

"जमिनीत तर नाही ना सापडले मावशी?" सराफ आधी विचारतात. ते विचारणं रीतसरच आहे. जमिनीत गाडलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं धन मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असा १८७८ चा कायदा आहे. मावशी मान हलवतात. घरच्याच डब्यातले आहेत, दरवर्षी लक्ष्मीपूजनात मांडले जातात.

सराफ एकेक रुपया काचेवर टाकतात. खण्ण, खण्ण. एक बद्द वाजतो. ते त्याची कड उजेडात फिरवतात. उभ्या खाचांच्या मधून एक बारीक घळ गेलेली दिसते. साल १९४४. काट्यावर तो बाकीच्यांइतकाच भरतो, कारण वजन तेच ठेवून सरकारनं १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली होती. आधीच्या रुपयात ती ९१.७ टक्के असे. नुसत्या काट्यावर विसंबणारा इथे फसतो.

शेजारी गुरुजी बसले आहेत. निवृत्त शिक्षक, नाण्यांचे जुने जाणकार. जुने रुपये आले की मूस पेटवण्याआधी सराफ त्यांना बोलावून घेतात. मला ही रीत फार मोलाची वाटते. एकदा वितळलं की त्यावरचं काहीच पुन्हा वाचता येत नाही, मग ते कितीही दुर्मिळ असो.

गुरुजी आधी १९११ साल शोधतात. पंचम जॉर्जच्या पहिल्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून लोक बिथरले होते. ते रुपये परत घेतले गेले आणि १९१२ पासून सोंड नीट उठून दिसेल असा ठसा आला. मावशींच्या सहा राजाछापांत १९११ नाही. १९१२ आहे, १९१६ आहे, १९१८ चे दोन आहेत. सगळी भरपूर पाडलेली सालं.

ते १९१८ चा एक रुपया उचलतात. बोटं फक्त कडेला, चेहऱ्याला स्पर्श नाही. भिंगाखाली मुकुटाचे मणी सुटे दिसतात, कानाची पाळी शाबूत, हत्तीची सोंड स्पष्ट. झीज नावापुरती. वजन ११.६३ ग्रॅम, मूळ ११.६६. "बाजारात फार कमी फिरलाय हा. एक्स्ट्रा फाइन प्रत म्हटलं असतं."

मग ते नाणं जरासं तिरपं करून माझ्या हातात भिंग देतात. राजाच्या गालावर आणि मोकळ्या जागेत केसासारखे बारीक ओरखडे आहेत, सगळे एकाच दिशेचे. टाकसाळीतून नुकत्याच आलेल्या नाण्यावर उजेड कसा चाकासारखा फिरतो! इथे तो फिरत नाही, सगळीकडे सारखाच पसरतो. राख, चिंच, दात घासायची पूड, दरवर्षीचा अंगठा. नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या परदेशी कंपन्या नाण्याला ७० पर्यंतच्या मापावर गुण देतात. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेलं ते माप. असं घासलेलं नाणं आलं की त्या आकडा देतच नाहीत, नुसतं 'डिटेल्स' लिहितात. मला हा न्याय योग्य वाटतो. हातोहाती फिरून आलेली झीज हा नाण्याचा संसार आहे, तिच्यामुळे प्रत खाली येते पण नाणं खरं राहतं. घासणीनं गेलेला पृष्ठभाग मात्र कशानंही परत येत नाही. अर्थात मावशींना दोष कसा द्यायचा? त्यांनी देव समजून घासलंय.

पांढऱ्यांतला उरलेला एक राणीछाप, १८६२ चा आहे. तो १८६२ मध्येच पाडला असेल असं नाही, कारण तेच साल ठेवून १८७४ पर्यंत रुपये पडत राहिले. राणीच्या कानावरचे केस सपाट झालेत आणि डोक्यावर कडी झाळलेली आहे. कडीमुळे वजन ११.९० भरतं, आणि संग्राहक तो नाकारणार तेही कडीमुळेच.

"हा सासूच्या गळ्यात होता," मावशी सांगतात.

आता उरतो काळा. "हा खोटा असंल म्हणून मी घासलाच नाई. यावर ना राजा, ना रानी."

गुरुजी पुढे सरकतात. लहान, जाड, कडेला ओबडधोबड. फारसी अक्षरं अर्धीच उतरलेली. हा नागपूरकर भोसल्यांच्या वेळचा रुपया, मुघल बादशहाच्या नावानं हातोड्यानं पाडलेला. ठसा नाण्यापेक्षा मोठा असे, म्हणून मजकूर कडेबाहेर राहून जाई. नवखा माणूस ती अक्षरं झिजली असं समजून प्रत कमी लावतो. पण जी अक्षरं उतरली आहेत त्यांच्या कडा इथे बोटाला लागतील इतक्या उभ्या आहेत. काळेपणाही एकसारखा बसलेला. कडेजवळ एका जुन्या सराफानं मारलेली चंद्रकोर, चांदी तपासल्याची खूण.

"व्हेरी फाइन. फार दुर्मिळ नाही मावशी, पण चांदीच्या भावापेक्षा जास्त येईल. याला घासू नका."

"मंग हा अन् सासूचा ठेवतो. बाकीचे घ्या."

सराफ वहीत मांडतात. सहा राजाछाप, एक निम्म्याचा. मिळून शुद्ध चांदी सत्तर ग्रॅमला थोडी कमी. मावशी आकडा दोनदा विचारून घेतात आणि म्हणतात, "घुंगरं कमी लावा शेठजी. चांदी पट्टीत राहू द्या, मोडायची वेळ आली तर पोरीले वजन भरलं पायजे."