एका मिनिटाची मजुरी

पडद्यावर आवाजाची निळी रेघ असते. कुठे फुगलेली, कुठे सपाट. सपाट म्हणजे बोलणारा थांबला, तिथे कापायचं. असे दहा-बारा सेकंदांचे तुकडे पाडायचे, एकेक तुकडा ऐकायचा आणि कानावर पडलं तसं देवनागरीत उतरवायचं. कोण बोललं त्याची खूण वेगळी, हसला तर वेगळी, खोकला तर वेगळी. मागून कुकरची शिटी आली तर तिचीही नोंद. दोघं एकाच वेळी बोलले तर त्या तुकड्याचे दोन भाग करायचे, आणि बैठकीत पाच जण एकदम बोलायला लागले की हेडफोन काढून चहा टाकायचा, मग परत बसायचं. मुंबईतल्या नायगावच्या बीडीडी चाळीतल्या खोलीत बसून मी हे काम करते. मराठी ऑडिओचं लेखन.

काम टायपिंगचं वाटतं, पण ते मुख्यतः कानाचं आहे. वऱ्हाडातला माणूस ‘करून राहिलो’ म्हणाला तर तिथे ‘करतोय’ लिहायचं नाही. तो ‘पानी’ म्हणाला तर पानी लिहायचं की पाणी, हे कंपनीच्या नियमपुस्तिकेत बघायचं. एका कंपनीला जसंच्या तसं हवं असतं, दुसरीला प्रमाण लेखन. ‘अं’, ‘म्हंजे’, ‘ते हे’ ठेवायचे की गाळायचे? आकडे अक्षरांत की अंकांत? ‘ऑफिस’ देवनागरीत की रोमन लिपीत? नियमपुस्तिका चांगली जाडजूड असते आणि दर प्रकल्पाची निराळी. तपासणारा नमुन्याला काही तुकडे उचलतो, त्यांत ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त चुका निघाल्या की सगळी फाइल परत येते. पूर्वी शाळेत शुद्धलेखनात पैकीच्या पैकी मिळवलेल्या मुली इथे आधी अडखळतात, कारण हात आपोआप समोरच्याचं मराठी सुधारायला लागतो. तो आवरणं हीच पहिली शिकवण.

आता पैसे. इथे मोजमाप ऑडिओच्या मिनिटाचं असतं, तुमच्या मिनिटाचं नाही. समजा मिनिटाला 15 रुपये ठरले. तासाभराच्या फाइलचे 900 झाले. स्टुडिओत एकच माणूस सावकाश बोलला असेल तर सरावलेला हात ती फाइल चार तासांत उतरवतो, म्हणजे तासाला 225 रुपये. तीच फाइल भाजी मंडईत मोबाइल खिशात ठेवून केलेली असेल तर आठ तास जातात आणि तासाचे 112.50 होतात. दर तोच, फाइलची लांबी तीच, मजुरी निम्मी. म्हणून दर ऐकून कधी हो म्हणायचं नाही. पाच मिनिटांचा नमुना मागायचा, घड्याळ लावून उतरवायचा आणि मग हिशेब करायचा.

हा हिशेब नायगावला नवा नाही. गिरणगावात घरून काम ही कोविडने आणलेली गोष्ट, असं ऐकलं की हसू येतं. गिरण्यांच्या ऐन भरात घाटावरून, कोकणातून एकटे आलेले कामगार जेवायचे ते खानावळवालीकडे, म्हणजे कुणाच्या तरी राहत्या खोलीत. ती बाई वाण्याकडून उधारीवर धान्य आणायची आणि पगार झाल्यावर कामगार पैसे द्यायचे. मधल्या दिवसांची तूट सावकार भागवायचा. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. पुढे 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि चाळीचाळीत मणी ओवणं, धागे कापणं, पाकिटं चिकटवणं असं नगावर मिळणारं काम शिरलं. शेकड्यावर मजुरी. सामान आणून देणारा मधला माणूसच माल नेणार, खोड काढणार आणि पैसे कापणार. आमच्या मजल्यावरच्या काकींनी मोत्याच्या माळा ओवल्या आहेत. मी माझा दर सांगितला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, ‘खराब निघाला तर सुताचे पैसे कोण देतं?’ फाइल परत आली तर दुसऱ्यांदा केलेल्या कामाचे पैसे मिळतात का, एवढाच त्याचा अर्थ. मिळत नाहीत. इतका नेमका प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.

आणि लिज्जत. 15 मार्च 1959 ला गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, ही कथा सगळ्यांना पाठ आहे. मला त्यातली कामाची बांधणी जास्त महत्त्वाची वाटते. पीठ मळणं केंद्रावर, लाटणं घरी. आज लाटी न्यायची, उद्या वाळलेले पापड द्यायचे, वजन आणि दर्जा तिथल्या तिथे बघायचा, मजुरी तिथेच हातात. काम द्यायच्या आधी घर बघितलं जातं, लाटायला-वाळवायला स्वच्छ जागा आहे का. नसेल तर त्या बाईला परत पाठवत नाहीत, मळण्याचं किंवा पाकीट भरण्याचं काम देतात. दूरस्थ कामाच्या कितीतरी नव्या कंपन्यांना हे एवढं अजून जमलेलं नाही.

कारण घरून कामाचा खरा प्रश्न खोलीचा आहे. स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीट्रिप या चिनी प्रवासकंपनीच्या शांघायमधल्या कॉल सेंटरवर नऊ महिने एक प्रयोग केला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी 13 टक्क्यांनी वाढली. हा आकडा जगभर फिरला. त्या प्रयोगात भाग घेण्याची अट मात्र फारशी कुणी सांगत नाही. घरी ब्रॉडबँड हवं आणि कामासाठी स्वतंत्र खोली हवी. म्हणजे ज्यांच्याकडे दार लावता येईल अशी खोली होती त्यांचंच काम वाढलं. शिवाय प्रयोग संपल्यावर निवड पुन्हा करायची मुभा दिली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी आपलं आधीचं मत बदललं. घरी एकटं वाटतं, ही त्यांतली मोठी तक्रार.

नायगावात एकटं वाटायची सोय नाही. 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळी. नायगावात मूळच्या 42 इमारती, तळमजला अधिक तीन, मजल्यावर वीस खोल्या, मध्ये अंधारा बोळ आणि दोन्ही बाजूंना दारं. खोली 160 चौरस फुटांची. त्यातच मोरी, ओटा, कपाट, देव आणि पोटमाळा. भिंती इतक्या जाड की बोळातल्या राउटरचा वायफाय खोलीच्या आत शिरेपर्यंत दमतो. केबलवाल्याला सांगून दारावरच्या झरोक्यातून तार आत घ्यावी लागते. वीज मात्र बेस्टची आहे, सहसा जात नाही. खेड्यातल्या मैत्रिणी हे काम करतात तेव्हा त्यांना घर मोठं असतं आणि वीज नसते.

शांतता विकत मिळत नाही, ती वेळेत शोधावी लागते. पाणी यायच्या आधीची पहाट सर्वात चांगली, पण पाणी आल्यावर उठावंच लागतं. दुपारी जेवणं आटोपल्यावर मजला झोपतो तो दुसरा वेळ. पुनर्विकासाचं काम सुरू झाल्यापासून यंत्रांचा दणका दिवसभर असतो. हेडफोनमधून बारीक आवाज ऐकायचा तर त्या वेळात अवघड फाइल हातात घ्यायची नाही. तेव्हा तपासणी करायची, बिलं करायची, ईमेल लिहायचे. अवघड ते पहाटे. गणपतीत आणि 14 एप्रिलच्या आठवड्यात मी मुदतीचं काम घेतच नाही. ढोल वाजत असताना सोलापूरकडच्या आजोबांचं पुटपुटणं ऐकू येणार नाही, आणि खरं तर तेव्हा खोलीत बसायचंही नसतं.

दार लावण्याचं काय? चाळीत दिवसा दार लावलं की आजारपण तरी असतं नाहीतर भांडण. ‘घरीच असतेस ना’ हे वाक्य तर दूरस्थ काम करणाऱ्या प्रत्येक बाईने ऐकलेलं आहे. सिलिंडर घे, कुरियर घे, शाळेतून पोराला आण. पुस्तकं सांगतात की घरच्यांशी सीमा ठरवा. आमच्याकडे जुनी तोड आहे. इथल्या घरांनी गिरणीच्या तीन पाळ्या पाहिल्या आहेत. रातपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपला की शेजारचा रेडिओ बारीक व्हायचा. मी सगळ्यांना माझी पाळी सांगून टाकली. सकाळची पाच ते आठ आणि दुपारची एक ते चार. ‘काम चालू आहे’ म्हटल्यावर कुणी ऐकत नव्हतं, ‘पाळीवर आहे’ म्हटल्यावर ऐकतात. पाळी संपल्यावर मात्र दार उघडायचं, सिलिंडरही घ्यायचा. दोन्ही बाजूंनी पाळावं लागतं.

दार लावण्याइतकीही जागा नसेल त्याने दादर पूर्वेची जुनी वाट धरावी. शारदा चित्रपटगृहाच्या इमारतीत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. संस्था 1898 सालची. तिथे बोलून काम होणार नाही, पण तपासणी, भाषांतर, शब्द शोधणं होतं. एखाद्या गावाचं नाव किंवा जुन्या अवजाराचा शब्द ऑडिओत अडला तर उत्तर इंटरनेटपेक्षा तिथल्या कपाटात लवकर सापडतं.

काम मिळतं कुठून? भाषासेवा देणाऱ्या कंपन्या आपल्या संकेतस्थळावर अर्ज घेतात, चाचणी देतात आणि महिनोन्‌महिने गप्प बसतात. एक दिवस मराठीचा प्रकल्प येतो आणि चार दिवसांत फाइल्स हव्या असतात. सध्या बरंचसं काम यंत्रांना मराठी ऐकायला शिकवण्यासाठी लागतं. केंद्र सरकारचा भाषिणी प्रकल्प 2022 मध्ये सुरू झाल्यावर भारतीय भाषांच्या ध्वनिमुद्रणांकडे लक्षही वाढलं. पण अशा प्रकल्पांचा नळ येतो तसा जातो. टिकाऊ काम माणसांकडून येतं. पीएच.डी. करणारे, माहितीपट करणारे, सामाजिक संस्थांचे अभ्यासक, यांच्याकडे तासन्‌तास मुलाखती पडून असतात. गिरणगावाचा मौखिक इतिहास नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी 2004 साली पुस्तकात आणला, तोही अशाच कित्येक मुलाखतींच्या आधारावर. बोललेलं कागदावर आल्याशिवाय असं पुस्तक होत नाही. असा एक अभ्यासक तुमच्या कामावर खूश झाला की तो आणखी दोघांना नाव देतो. अर्जात मी पदव्या वर टाकत नाही. मालवणी कळते, वऱ्हाडी कळते, युनिकोडमध्ये इन्स्क्रिप्टने टाइप करते, या तीन ओळी पहिल्या.

चाचणी फुकट देणं रीतीला धरून आहे, पण पाच मिनिटांची. पाऊण तासाची फाइल ‘चाचणी’ म्हणून देणाऱ्याला फुकटात काम हवं असतं. आणि जो आधी तुमच्याकडून पैसे मागतो तो नोकरी देत नाहीच. लोकलमध्ये चिकटवलेली ‘घरबसल्या कमवा’ची चिठ्ठी असो की टेलिग्रामवरचे टास्क, चाल एकच. आधी थोडे पैसे देऊन विश्वास बसवायचा, मग ‘मोठा टास्क’ उघडायला भरणा करायला लावायचा. डेटा एंट्रीवाल्यांची चाल वेगळी. न जमणारी अचूकता करारात लिहायची, मुदत संपली की वकिलाच्या नावाची नोटीस पाठवून दंड मागायचा. आमच्या शेजारच्या पोराला अशी नोटीस आली तेव्हा घर दोन रात्री झोपलं नाही. घाबरून पैसे भरू नका. भरले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा, जितका लवकर तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

बिलाची वसुली ही शेवटची आणि सर्वात कंटाळवाणी पायरी. लिज्जतच्या बाईला पापड दिले त्याच दिवशी मजुरी मिळते. मला एका कंपनीने साठ दिवसांची मुदत सांगून चार महिने लावले, आणि प्रत्येक ईमेलला उत्तर आलं ते अत्यंत गोड. घरून काम करणाऱ्याला इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार 1996 सालचा आहे, भारताने तो मंजूर केलेला नाही. तेव्हा हाताशी आहे ते वापरायचं. सरकारच्या उद्यम पोर्टलवर आधार आणि पॅन देऊन नोंदणी करता येते, पैसे लागत नाहीत, खोलीतून एकट्याने सेवा देणाराही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवला जातो. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे अशा उद्योगाचे पैसे 45 दिवसांपलीकडे अडवता येत नाहीत, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. बिल थकल्यावर नोंदणीला धावलात तर समोरचा त्याच मुद्द्यावर वाद घालतो. म्हणून नोंदणी पहिल्या कामाच्या आधी करा, आणि तिचा क्रमांक पहिल्याच बिलावर छापा.