क्लोरीन : धोक्यांची वर्गवारी आणि सुरक्षितता

पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणात क्लोरीनचे स्थान अनन्यसाधारण आहे. पटकी, विषमज्वर, कावीळ यांसारख्या जलजन्य रोगांपासून समाजाचे संरक्षण करण्यात या रसायनाचा वाटा फार मोठा आहे. कागद, कापड, औषधे, कीटकनाशके आणि प्लॅस्टिक या उद्योगांतही त्याचा वापर होतो. परंतु याच वायूचा पहिल्या महायुद्धात, दि. २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममधील ईप्र येथे शस्त्र म्हणून वापर झाला आणि हजारो सैनिक त्याला बळी पडले. जीवन वाचविणारे आणि जीवन घेणारे असे हे एकच द्रव्य आहे. म्हणूनच त्याचा धोका नेमका कोणत्या प्रकारचा आणि किती तीव्रतेचा, हे ठरविण्याची शास्त्रशुद्ध पद्धत समजून घेणे अगत्याचे ठरते.

हा विषय केवळ कारखान्यातील रसायनतज्ज्ञांपुरता मर्यादित नाही. जलशुद्धीकरण केंद्राच्या आवारात क्लोरीनची सिलिंडरे असतात. रसायने वाहून नेणारे टँकर आणि ट्रक गावांजवळून जाणाऱ्या महामार्गांवरून धावतात. ग्रामपंचायतीच्या गोदामात ब्लीचिंग पावडरचा साठा असतो. अपघात घडल्यास घटनास्थळी प्रथम पोहोचणारी माणसे बहुधा तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, सरपंच किंवा जवळच्या शाळेतील शिक्षक हीच असतात. त्या पहिल्या काही मिनिटांत फलकावरील खूण वाचता येणे वा न येणे यावर अनेकांचे प्राण अवलंबून राहू शकतात.

धोका आणि जोखीम

वर्गवारी समजून घेण्यापूर्वी दोन कल्पना वेगळ्या केल्या पाहिजेत. धोका हा पदार्थाचा अंगभूत गुण असतो, तर जोखीम ही परिस्थितीवर अवलंबून असते. क्लोरीन विषारी आहे, हा त्याचा गुण. तो भक्कम पोलादी सिलिंडरमध्ये, हवेशीर जागी, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली असेल तर जोखीम अल्प असते. तेच सिलिंडर गंजलेले, बेवारस आणि वस्तीलगत पडलेले असेल, तर जोखीम कित्येक पटींनी वाढते. वर्गीकरण धोक्याचे केले जाते. जोखीम कमी करणे हे मात्र व्यवस्थेचे आणि माणसांचे काम आहे.

क्लोरीनचे गुणधर्म

स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल शील यांनी १७७४ मध्ये हा वायू प्रथम तयार केला. तो मूलद्रव्य असल्याचे हम्फ्री डेव्ही यांनी १८१० मध्ये दाखवून दिले आणि त्याच्या पिवळसर हिरव्या रंगावरून त्याला आजचे नाव दिले. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीच पट जड आहे. त्यामुळे गळती झाल्यावर तो वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि खड्डे, नाले, तळघरे अशा सखल जागी साचून राहतो. उणे ३४ अंश सेल्सियस तापमानाला त्याचे द्रवात रूपांतर होते. दाबाखाली द्रवरूप केलेला क्लोरीन सिलिंडरमध्ये साठवितात. हा द्रव बाहेर पडला की त्याच्या आकारमानाच्या साडेचारशे पटींहून अधिक वायू तयार होतो. लहानशा गळतीतून मोठा ढग कसा निर्माण होतो, याचे उत्तर या आकड्यात आहे.

तीन प्रश्न, तीन गट

संयुक्त राष्ट्रसंघाच्या विद्यमाने रसायनांच्या वर्गीकरणाची एक जागतिक सुसूत्र प्रणाली तयार करण्यात आली आहे. १९९२ च्या रिओ परिषदेत तिची गरज मान्य झाली आणि तिची पहिली आवृत्ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी एकच रसायन एका देशात ‘विषारी’, तर दुसऱ्या देशात केवळ ‘हानिकारक’ गणले जात असे. या प्रणालीत प्रत्येक रसायनाबाबत तीन प्रश्न विचारले जातात. ते भौतिकदृष्ट्या धोकादायक आहे काय, म्हणजे ते पेट घेते, स्फोट पावते किंवा ज्वलनाला मदत करते काय? ते माणसाच्या आरोग्याला अपाय करते काय? आणि ते पाण्यातील जीवसृष्टीस व पर्यावरणास घातक आहे काय?

क्लोरीनला हे तिन्ही प्रश्न लावले असता चित्र स्पष्ट होते. भौतिक धोक्यांच्या गटात तो ‘दाबाखालील वायू’ आणि ‘ऑक्सिडीकारक वायू’ या दोन वर्गांत येतो. क्लोरीन स्वतः पेटत नाही, पण इतर पदार्थांच्या ज्वलनास तो प्राणवायूप्रमाणे साहाय्य करतो. हायड्रोजन, ॲसिटिलीन, अमोनिया किंवा टर्पेंटाइन यांच्याशी त्याचा संयोग स्फोटक ठरू शकतो. ‘हा वायू जळत नाही, मग आगीची भीती कसली,’ असा समज म्हणूनच घातक आहे. आरोग्याच्या गटात तो श्वासावाटे तीव्र विषबाधा करणारा, तसेच त्वचा, डोळे व श्वसनमार्ग यांचा दाह करणारा ठरतो. पर्यावरणाच्या गटात जलचरांना अत्यंत विषारी, अशी त्याची नोंद होते.

तीव्रता कशी ठरते?

केवळ ‘विषारी’ म्हटल्याने भागत नाही. किती विषारी, हेही सांगावे लागते. त्यासाठी प्रयोगशाळेतील प्राण्यांपैकी निम्मे प्राणी ज्या प्रमाणामुळे दगावतात, ते प्रमाण मोजण्याची रीत आहे. क्लोरीनच्या बाबतीत उंदरांसाठी, एका तासाच्या संपर्कात, हे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत २९३ भाग असे धरले जाते. जागतिक प्रणालीत वायूंची श्रेणी चार तासांच्या संपर्कावरून ठरते. एका तासाचा आकडा चार तासांसाठी बदलताना त्याला २ ने भागतात. म्हणजे क्लोरीनसाठी तो सुमारे १४६ होतो. दहा लाखांत १०० भागांपर्यंत पहिली, ५०० पर्यंत दुसरी आणि २,५०० पर्यंत तिसरी, अशा श्रेणी आहेत. या हिशेबाने क्लोरीन दुसऱ्या श्रेणीत येतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या प्रणालीत पहिली श्रेणी सर्वांत धोकादायक असते. अंक जितका लहान तितका धोका मोठा.

माणसावर होणारे परिणामही प्रमाणानुसार बदलतात. दहा लाखांत एक ते तीन भाग क्लोरीन असल्यास नाक व घसा चुरचुरू लागतो. दहा भाग हे प्रमाण जिवाला तत्काळ धोकादायक मानले जाते. सुमारे ३० भागांच्या पुढे छातीत दुखणे, खोकला व धाप लागणे ही लक्षणे दिसतात. ४० ते ६० भागांमुळे फुफ्फुसांना सूज येऊन त्यांत पाणी साचू शकते. १,००० भाग असतील, तर काही मिनिटांतच मृत्यू ओढवतो. फुफ्फुसांतील सूज काही वेळा कित्येक तासांनी प्रकट होते. म्हणून बाधित व्यक्तीला बरे वाटू लागले तरी तिला घरी न पाठविता वैद्यकीय देखरेखीखाली ठेवणे आवश्यक असते.

वाहनावरील खुणा

वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रसंघाची आणखी एक पद्धत प्रचलित आहे. तीत धोकादायक मालाचे नऊ वर्ग असून प्रत्येक पदार्थाला चार अंकी क्रमांक असतो. क्लोरीनचा क्रमांक १०१७ आहे. विषारी वायूंचा वर्ग २.३ हा त्याचा मुख्य वर्ग होय. ज्वलनास मदत करणारा म्हणून ५.१ आणि संक्षारक म्हणून ८ हे त्याचे दुय्यम वर्ग होत. चौकोन कोपऱ्यावर उभा केल्यासारख्या आकाराच्या पांढऱ्या फलकावर कवटी व हाडे ही खूण असेल, तर वाहनात विषारी माल आहे असे समजावे. भारतात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार अशा वाहनावर आपत्कालीन माहितीचा फलक असावा लागतो. त्यावर रसायनाचे नाव, क्रमांक, वर्गाची खूण आणि माल पाठविणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक दिलेला असतो. अपघातग्रस्त वाहनाजवळ न जाता, दुरूनच हा चार अंकी क्रमांक टिपून तो अग्निशमन दलाला कळविणे, ही कोणाही नागरिकाला करता येण्याजोगी सर्वांत मोलाची मदत होय.

साठ्याचे प्रमाण आणि कायदा

डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ येथे घडलेल्या वायुदुर्घटनेनंतर देशात या विषयाला कायद्याचे बळ मिळाले. १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम संमत झाला. त्याखाली १९८९ मध्ये घातक रसायनांची निर्मिती, साठवण व आयात यासंबंधीचे नियम करण्यात आले. या नियमांत धोक्याबरोबर साठ्याच्या प्रमाणाचाही विचार केलेला आहे. क्लोरीनसाठी १० टन आणि २५ टन अशा दोन मर्यादा आहेत. पहिल्या मर्यादेपासून साठ्याची सूचना देणे, आवारातील व आवाराबाहेरील आपत्कालीन योजना सिद्ध असणे आणि परिसरातील रहिवाशांना संभाव्य अपघाताची माहिती देणे या तरतुदी लागू होतात. दुसऱ्या मर्यादेपासून सविस्तर सुरक्षा अहवालही सादर करावा लागतो. जलशुद्धीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या मोठ्या सिलिंडरमध्ये ९०० किलो क्लोरीन असतो. अशी बारा भरलेली सिलिंडरे एका ठिकाणी असली, तरी साठा १० टनांच्या वर जातो.

१९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनी केंद्र, राज्य, जिल्हा व स्थानिक अशा चार स्तरांवर आपत्ती गट स्थापण्याची तरतूद केली. स्थानिक गटात सरपंच किंवा समाजातील प्रमुख व्यक्तीला सदस्य म्हणून नेमता येते. आपल्या भागात असा गट आहे काय, त्याची बैठक केव्हा झाली आणि शेवटची रंगीत तालीम केव्हा घेतली गेली, हे विचारण्याचा पंचायत सदस्यांना पूर्ण अधिकार आहे. नियम कागदावर असणे आणि गावाला ते ठाऊक असणे यांत अंतर राहता कामा नये.

हे अंतर किती महाग पडते, याचा अनुभव मुंबईने घेतला आहे. दि. १४ जुलै २०१० रोजी शिवडीच्या हाजीबंदर परिसरात, अनेक वर्षे पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरमधून क्लोरीनची गळती झाली आणि सुमारे शंभर लोकांना बाधा झाली. जॉर्डनमधील अकाबा बंदरात दि. २७ जून २०२२ रोजी जहाजावर चढविताना क्लोरीनची टाकी खाली कोसळली. त्यात तेरा जणांचा मृत्यू झाला आणि अडीचशेहून अधिक लोक बाधित झाले. दोन्ही ठिकाणी रसायनाची वर्गवारी आधीपासून ज्ञात होती. अपघात घडले ते साठवण आणि हाताळणीच्या पातळीवर.

गळती झाल्यास

तीव्र, घसा चुरचुरविणारा वास येताच वाऱ्याची दिशा पाहावी आणि वाऱ्याला आडवे होत उंच जागेकडे जावे. सखल भागात थांबू नये. नाकातोंडावर ओले कापड धरल्यास तात्पुरता आधार मिळतो. पण त्यावर विसंबून गळतीच्या जागी जाऊ नये. घरात अडकून पडल्यास दारे-खिडक्या बंद करून वरच्या मजल्यावर जावे. गळणाऱ्या सिलिंडरवर पाणी कदापि मारू नये. पाण्याशी संयोग होऊन आम्ल तयार होते आणि ते पोलाद खाऊन छिद्र अधिक मोठे करते. बाधित व्यक्तीला मोकळ्या हवेत आणून तिचे कपडे काढावेत, डोळे व त्वचा किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावी आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे. गळती थांबविण्याचे काम श्वसनयंत्र धारण केलेल्या प्रशिक्षित व्यक्तींनीच करावयाचे असते.

ब्लीचिंग पावडरबाबतही दक्षता हवी. ती आम्लात मिसळल्यास क्लोरीन वायू सुटतो. संडास धुण्याचे आम्ल आणि ही पावडर एकाच कपाटात ठेवणे किंवा एकत्र वापरणे म्हणूनच धोक्याचे आहे. पावडर कोरड्या, हवेशीर खोलीत, बंद पिशवीत आणि उन्हापासून दूर ठेवावी. दमट जागेत तिच्यातील क्लोरीन उडून जातो आणि मग तिने शुद्ध केलेले पाणी शुद्ध राहत नाही. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शेष क्लोरीन असावा, असे भारतीय मानक सांगते. क्लोरीनच्या भीतीपोटी तो टाकण्याचेच टाळले, तर जलजन्य रोगांना दार मोकळे होते.

क्लोरीन टाळता येण्याजोगा नाही आणि दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. शाळेच्या विज्ञान वर्गात या खुणांचा एक तक्ता लावता येईल. ग्रामसभेत एकदा तरी गावाजवळच्या साठ्यांची यादी वाचून दाखविता येईल. जलसुरक्षकाला पावडर हाताळण्याचे प्रशिक्षण मिळाले आहे काय, याची मासिक सभेत चौकशी करता येईल. या गोष्टींना फारसा खर्च लागत नाही. शास्त्रज्ञांनी ठरविलेली वर्गवारी गावातील माणसाच्या वाचनात आणि स्मरणात उतरली, तरच ती संकटाच्या वेळी खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल.