दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय : काय पाहावे, कसे पाहावे?



संग्रहालय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काचेची कपाटं, जुनी नाणी आणि तलवारी येतात. पण ज्या वस्तू काचेच्या कपाटात मावतच नाहीत त्यांचं काय करायचं? शंभर टनांचं इंजिन कुठे ठेवायचं? अशा अवाढव्य वस्तूंचं संग्रहालय आपल्या देशाच्या राजधानीत आहे. नवी दिल्लीतल्या चाणक्यपुरी भागातलं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय. आजच्या लेखात आपण ते समजून घेणार आहोत. सहलीला जाणार असाल तर जाण्यापूर्वी वाचा आणि जाणार नसाल तरी वाचा, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या महाराष्ट्राशी जोडलेल्या आहेत.

संग्रहालय का उभारले?

भारतात पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी धावली हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलं आहे. अंतर ३४ किलोमीटर, डबे १४, प्रवासी सुमारे ४००. गाडी ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती. आता एक प्रश्न. ही तीन इंजिनं आज कुठे आहेत?

उत्तर आहे, कुठेच नाहीत. इंजिन जुनं झालं की ते भंगारात जायचं. लोखंड वितळवायचं, नवं काही बनवायचं. त्यात कुणाला काही चुकीचं वाटत नव्हतं.

चित्तरंजनच्या कारखान्यात १९७२ पर्यंत कोळशाची इंजिनं तयार होत होती, नंतर ते काम थांबलं. डिझेल आणि वीज आली. जुनी इंजिनं एकेक करून भंगाराच्या रांगेत जाऊ लागली. यातली काही तरी वाचवली पाहिजेत असं वाटणाऱ्या लोकांनी धडपड केली. १९७१ मध्ये राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १ फेब्रुवारी १९७७ रोजी संग्रहालय सुरू झालं. दहा एकरांहून मोठी जागा, उघड्यावर रुळांवर उभी असलेली इंजिनं आणि डबे, शिवाय आतलं दालन. मुलांसाठी छोटी गाडीही आहे. सोमवारी संग्रहालय बंद असतं, सहल ठरवताना एवढं लक्षात ठेवा.

आधी रूळ पाहा, मग इंजिन

मुलं आत शिरली की धावत इंजिनाकडे जातात. मी सुचवेन, आधी खाली बघा. इथे वेगवेगळ्या रुंदीचे रूळ दिसतात. दोन रुळांच्या आतल्या कडांमधल्या अंतराला 'गेज' म्हणतात. भारतात मुख्यतः चार गेज वापरात होती :

१) ब्रॉड गेज – १६७६ मिलिमीटर
२) मीटर गेज – १००० मिलिमीटर
३) नॅरो गेज – ७६२ मिलिमीटर
४) त्याहूनही अरुंद – ६१० मिलिमीटर (आपल्या माथेरानची गाडी यावर चालते)

इतके प्रकार कशाला? कारण पैसा आणि जमीन. रूळ अरुंद असले की पूल लहान, भराव कमी, वळणं जास्त घेता येतात, खर्च वाचतो. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनिअरने कुर्डुवाडी ते बार्शी ही ७६२ मिलिमीटरची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू केली, ती याच विचाराने. पुढे हीच लाइन पंढरपूरला पोहोचली आणि वारकऱ्यांची सोय झाली.

पण या बचतीची दुसरी बाजूही आहे. एका गेजचा डबा दुसऱ्या गेजवर चालत नाही. म्हणजे जिथे दोन गेज भेटतात तिथे सगळा माल उतरवायचा आणि शेजारच्या गाडीत चढवायचा. कुर्डुवाडीला हेच व्हायचं. मिरज जंक्शनवर तर एके काळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही गेज होती. हा माल कुणी हलवला? हमालांनी, पाठीवरून. रुळांत वाचलेला पैसा असा कुणाच्या तरी पाठीवर चढला. संग्रहालयातल्या पाटीवर गेजचे आकडे मिळतील, हमालाची पाठ दिसणार नाही. ती आपण मनात आणायची. १९९२ पासून देशभर एकच ब्रॉड गेज करण्याचं काम सुरू झालं, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

चाक मोठे की लहान?

आता इंजिनांकडे वळू. या संग्रहालयाचं नाव घेतलं की 'फेअरी क्वीन'चं नाव येतंच. १८५५ साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात बनलेलं हे इंजिन, म्हणजे बोरीबंदर–ठाणे गाडीनंतर फक्त दोन वर्षांनी. ते बंगालमध्ये धावलं, १९०९ मध्ये निवृत्त झालं आणि १९९७ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा रुळांवर आलं. त्याच्या मधल्या चाकांची एकच जोडी मोठी आहे, पुढची-मागची चाकं लहान आहेत. असं का?

वाफेच्या इंजिनात वाफ दट्ट्याला ढकलते, दट्ट्या पुढे-मागे होतो आणि दांड्याच्या मदतीने चाक फिरवतो. दट्ट्याची एक पूर्ण ये-जा म्हणजे चाकाचा एक फेरा. आता गणित करू. समजा चाकाचा व्यास १.८ मीटर आहे. परीघ म्हणजे व्यास गुणिले ३.१४, म्हणून एका फेऱ्यात गाडी सुमारे ५.६५ मीटर पुढे जाईल. चाकाचा व्यास १ मीटर असेल तर फक्त ३.१४ मीटर. म्हणजे मोठं चाक वेगासाठी चांगलं. मग सगळ्याच इंजिनांना मोठी चाकं का लावत नाहीत? कारण मोठ्या चाकाने ओढण्याची ताकद कमी होते. गिअरची सायकल चालवणाऱ्या मुलांना हे लगेच कळेल. चढावर आपण हलका गिअर टाकतो, पाय जास्त वेळा फिरतात पण चढ चढता येतो.

याच संग्रहालयात माथेरानच्या रेल्वेचं एक छोटं वाफेचं इंजिनही आहे. नेरळ–माथेरान रेल्वे आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारली आणि १९०७ मध्ये ती सुरू झाली. तिथे काही ठिकाणी चढ १ : २० आहे, म्हणजे २० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. त्या इंजिनाची चाकं बघा, केवढीशी आहेत! फेअरी क्वीनची आणि माथेरानच्या इंजिनाची चाकं मनात शेजारी ठेवून पाहा. एकाला वेग हवा होता, दुसऱ्याला चढ.

एकाच रुळावरची गाडी

पतियाळा संस्थानाची मोनोरेल हे इथलं मोठं आकर्षण. १९०७ मध्ये सुरू झालेली ही गाडी एकाच रुळावर चालायची. मग पडत कशी नव्हती? तिला बाजूला एक मोठं चाक आहे. ते रुळावर नव्हे, साध्या रस्त्यावर फिरतं. साधारण ९५ टक्के वजन रुळावर आणि उरलेलं त्या बाजूच्या चाकावर. लोखंडावर लोखंडी चाक फिरताना घर्षण फार कमी असतं. मातीच्या रस्त्यावर बैल जेवढं ओझं ओढेल त्याच्या कितीतरी पट ओझं तो रुळावर ओढतो. म्हणूनच या मोनोरेलला इंजिनांबरोबर खेचरं आणि बैलही जुंपले जात.

१९२७ च्या सुमारास मोटारी वाढल्या आणि मोनोरेल बंद पडली. तिचे अवशेष तब्बल पस्तीस वर्षं विसरलेल्या अवस्थेत पडून होते. १९६२ मध्ये रेल्वेच्या इतिहासाची आवड असलेल्या माइक सॅटोव यांनी ते शोधले आणि पुढे रेल्वेच्या अमृतसर कारखान्याने इंजिन दुरुस्त करून चालू केलं. थोडा उशीर झाला असता तर हेही वितळलं असतं.

आगीशिवाय वाफ, आणि आपला 'खेकडा'

सिंद्रीच्या खत कारखान्यातलं एक इंजिन इथे आहे, त्यात आगच नाही. कोळसा नाही, धूरही नाही. कारखान्यात ठिणगी उडाली तर धोका, म्हणून ही युक्ती. बाहेरच्या बॉयलरमधून गरम पाणी आणि वाफ दाबाखाली त्याच्या जाड टाकीत भरायची. घरचा कुकर आठवा. गॅस बंद केल्यावरही आत वाफ कोंडलेली असते ना? ती कोंडलेली वाफ थोडी थोडी सोडून हे इंजिन चालायचं. वाफ संपली की पुन्हा भरायची.

आणि आता आपल्या घाटातलं इंजिन. 'सर लेस्ली विल्सन' हे मुंबईच्या गव्हर्नरचं नाव मिळालेलं विजेचं इंजिन १९२८ साली स्वित्झर्लंडमध्ये बनलं. भारतात पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत धावली आणि १९२९ मध्ये वीज पुण्यापर्यंत पोहोचली. खंडाळ्याचा बोरघाट चढायला अशी दणकट इंजिनं लागत, कारण तिथे चढ १ : ३७ आहे. इंजिनाचं मधलं अंग वेगळं आणि दोन्ही टोकांची लांब नाकाडं वेगळी, त्यामुळे ते वळणावर लवतं. परदेशात अशा इंजिनाला 'मगर' म्हणतात, आपल्या रेल्वेतल्या लोकांनी त्याला 'खेकडा' म्हटलं. विजेचं इंजिन असूनही चाकांना वाफेच्या इंजिनासारखे दांडे आहेत. कारण तेव्हा प्रत्येक धुरीला वेगळी मोटर न लावता मोटरची ताकद दांड्यांनी चाकांपर्यंत नेत. जुनं संपून नवं येताना दोन्ही काही काळ एकत्र नांदतात, ते या दांड्यांत दिसतं.

आतल्या दालनात एक हत्तीची कवटीही आहे. १८९४ मध्ये मेल गाडीशी टक्कर झालेल्या हत्तीची. मुलं तिथे थांबतात आणि हसतात. थोडा वेळ थांबून विचारही करा. जंगल हत्तीचं होतं, रूळ नंतर आले.

पाटीवर नसलेले लोक

संग्रहालय फिरताना एक गोष्ट लक्षात येते. पाट्यांवर कारखान्याचं नाव असतं, साल असतं, राजाचं किंवा गव्हर्नरचं नाव असतं. पण भट्टीत फावड्याने कोळसा टाकणारा फायरमन कोण होता? घाटात बोगदे खोदणारे हजारो मजूर कुठून आले? ही नावं बहुतेक ठिकाणी नाहीत. इंजिन जपलं गेलं, माणसांच्या आठवणी जपणं अजून बाकी आहे. तुमच्या घरात, वाडीत, गावात कुणी रेल्वेत गँगमन, फायरमन, हमाल, पॉइंट्समन असेल तर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. ते सांगतील ते कुठल्याच पाटीवर मिळणार नाही.

दिल्ली लांब असेल तर?

सगळ्यांना दिल्लीला जाणं परवडत नाही, हे खरं आहे. पण नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरो गेज रेल्वे संग्रहालय आहे. नेरळला माथेरानचं जुनं इंजिन पाहता येतं. आणि काहीच जमलं नाही तरी पुढचे उपक्रम वर्गातच होतील.

करून पाहा

१) सुतळीचे १६७६, १०००, ७६२ आणि ६१० मिलिमीटरचे तुकडे कापा. वर्गाच्या फरशीवर एकाखाली एक ठेवा आणि त्यात किती मुलं शेजारी-शेजारी बसतात ते मोजा.
२) तुमच्या सायकलच्या चाकाचा व्यास मोजा. एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाईल ते काढा, मग प्रत्यक्ष चालवून पडताळा घ्या.
३) गावातली एक वापरात नसलेली वस्तू शोधा. मोट, जातं, पाटा, बैलगाडीचं चाक, काहीही. ती कशी चालायची आणि कोण चालवायचं हे दहा ओळींत लिहा. अशा पाच-सहा वस्तू जमल्या की शाळेच्या एका कोपऱ्यात आपलं छोटं संग्रहालय तयार होईल.
४) प्रत्येक वस्तूच्या पाटीवर ती वापरणाऱ्या माणसाचं नाव लिहायला विसरू नका.