नाताळची सुट्टी, नानकटाईचा डबा आणि मुंबईची वाट

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि तळकोकणातील व्यापारी घरांत प्रवासाचे बेत सुरू होतात. वेंगुर्ल्यासारख्या गावात दुकान सांभाळणाऱ्या कुटुंबाला डिसेंबरातील शाळेची सुट्टी मुंबईला जाण्यास सोयीची असते. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी मुले तेथे गेलेली असतात आणि त्या निमित्ताने घाऊक खरेदीही उरकते. या प्रवासाची खरी तयारी होते ती स्वयंपाकघरात, नानकटाई भाजून.

नानकटाईचे मूळ सुरतेच्या डच वखारीशी जोडले जाते. तेथील भट्टीत पाव फुगवण्यासाठी ताडी आणि काही पदार्थांत अंडी वापरली जात. पुढे पारशी भटारखान्यात ही दोन्ही टाळून तूप, साखर आणि पीठ यांचीच खुसखुशीत नानकटाई घडली, असे सांगतात. वेंगुर्ल्यातही सतराव्या शतकात डचांची वखार होती. तिचे भग्नावशेष आजही उभे आहेत. परदेशी भट्टीतील पदार्थ आपल्या आचाराच्या चाळणीतून गेला आणि मगच तो घरचा झाला.

हा पदार्थ हिवाळ्यातच का, याला कारण आहे. श्वेतांबर परंपरेत पक्वान्नाची काळमर्यादा पावसाळ्यात 15, उन्हाळ्यात 20 आणि हिवाळ्यात 30 दिवसांची मानतात. दिगंबर घरांत पिठाची मर्यादा याहून काटेकोर असते: पावसाळ्यात 3, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7 दिवस. म्हणून तेथे बाजारच्या मैद्याऐवजी घरी ताजे दळलेले गव्हाचे पीठ घेतात. काजूचेही तसेच. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या ‘वेंगुर्ला-4’, ‘वेंगुर्ला-7’ यांसारख्या जातींमुळे गावाचे नाव देशभरच्या काजू बागायतदारांना ठाऊक आहे. मात्र बागांत काजूचा हंगाम भरात येतो, त्याच सुमारास अनेक श्वेतांबर घरांत फाल्गुन चौमासीपासून सुका मेवा वर्ज्य होतो, तो थेट कार्तिक चौमासीपर्यंत. त्यामुळे काजूची नानकटाई हा हिवाळ्याचाच आनंद ठरतो.

कृती साधी आहे. 150 ग्रॅम साजूक तूप आणि 125 ग्रॅम पिठीसाखर हलकी, पांढरी होईपर्यंत फेसावी. त्यात 200 ग्रॅम मैदा किंवा गव्हाचे पीठ, 25 ग्रॅम बेसन, 25 ग्रॅम काजूची भरड, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि वेलदोड्याची पूड मिसळून हलक्या हाताने गोळा करावा. अंड्याऐवजी दही घालण्याची रीत आता रूढ होत आहे. परंतु बेसनाबरोबर कच्चे दही आले की द्विदलाचा दोष येतो, म्हणून येथे ते नको. ओव्हन 160 अंशांवर आधी तापवून 18 ते 20 मिनिटे भाजावे. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर देऊन, वर झाकण ठेवूनही नानकटाई उत्तम होते. पीठ चाळणे, भट्टी आणि ताटे आधी पाहून-पुसून घेणे, सूर्यास्तापूर्वी काम आवरणे ही जयणा कृतीचाच भाग आहे. नानकटाई पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावी. वाफ कोंडली की ती मऊ पडते.

एके काळी वेंगुर्ल्याहून मुंबईला बोटीने जावे लागे आणि पावसाळ्यात ती वाटही बंद असे. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि कुडाळ किंवा सावंतवाडी रोडहून एका रात्रीत मुंबई गाठता येऊ लागली. चौविहार करणारे प्रवासी सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपूनच रात्रीच्या गाडीत बसतात. पहाटे मुंबईत उतरून, नवकारशीची वेळ झाली की मुलांच्या घरी डबा उघडतो.

मग पुन्हा भेटते ती ओळखीची मुंबई. पायधुनीला 1812 सालापासूनच्या गोडीजी पार्श्वनाथांचे दर्शन, वाळकेश्वरला बाबू अमीचंद पन्नालाल यांनी बांधलेले आदीश्वरांचे मंदिर, मंगळदास मार्केटातील कापड, मशीद बंदरचा किराणा आणि क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात केकचे साचे, बटर पेपर. दर वेळी शहर थोडे बदललेले असते. जुने दुकान जागेवर दिसले तरी मन सुखावते.

या सुट्टीचा खरा कस मात्र मुलांच्या कचेऱ्यांत आणि वसतिगृहांत लागतो. नाताळच्या दिवसांत तेथे केक फिरतो आणि नको म्हणणारा एकटा पडतो. पाकिटावरचे हिरवे चिन्ह मांस आणि अंडी नसल्याची खात्री देते. कंदमुळाची वा काळमर्यादेची नाही. ‘आमच्यात चालत नाही’ एवढेच उत्तर हाती असले की तरुण मनाला नियम ओझे वाटू लागतो. त्याऐवजी घरच्या नानकटाईचा डबा मित्रांपुढे उघडता आला, तर तोच मुलगा घेणाऱ्याचा देणारा होतो. आईने डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर भाजल्याची तिथी लिहिलेली असते. ती पाहून किती दिवस उरले हे मुले स्वतःच मोजू लागतात.