रेणुकेची छत्री

छत्रीचा इतिहास लिहायला बसले की आमचे काही विद्वान मित्र थेट लंडनलाच उतरतात. अठराव्या शतकात जोनस हॅनवेने लोकांची टवाळी सोसून भर रस्त्यात छत्री मिरवली, १८५२ मध्ये सॅम्युएल फॉक्सने पोलादी काड्यांचा सांगाडा काढला आणि मग साहेबाच्या बगलेतून छत्री मुंबईला आली, हा त्यांचा ठरलेला पाढा. पाढा खोटा नाही. पण तो पावसाच्या छत्रीचा आहे. छत्री मुळात उन्हाची. असिरियाच्या शिल्पांत राजाच्या डोक्यावर जी धरलेली दिसते, ती काही सरींसाठी नव्हे. चीनच्या तेलकागदी छत्र्यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. तिकडे मी वळत नाही.

आमच्या मानोऱ्याहून दिग्रसच्या वाटेने निघाले तर माहूरगड फार लांब नाही. आणि छत्रीची जन्मकथा आहे ती तिथल्या रेणुकेचीच. श्राद्धात छत्री आणि वहाणा का देतात, असे युधिष्ठिर विचारतो, तेव्हा अनुशासनपर्वात भीष्म ती सांगतात. ज्येष्ठातली दुपार. जमदग्नी बाण सोडतात आणि रेणुका ते वेचून आणते. एका खेपेला तिला उशीर होतो, कारण डोके तापले, पाय पोळले, म्हणून ती घटकाभर झाडाखाली थांबलेली असते. कारण कळताच ऋषी धनुष्य सूर्यावरच रोखतात. सूर्य ब्राह्मणाच्या वेशात येतो, विनवण्या करतो आणि शेवटी छत्री व पायताण देऊन सुटतो. जगातल्या कोणत्या वस्तूची कुळकथा एका राबणाऱ्या बाईच्या चटक्यांपासून सुरू होते? राजांनी छत्र उचलले ते नंतर. आमच्याकडे तेरवीला छत्री-जोडा देतात, त्यामागे हीच कथा आहे.

छत्राचा पुढचा धागाही आमच्याच मुलखाशी जुळतो. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तिथल्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची १९वी लेणी कोरली गेली. तिच्या स्तूपावर एकावर एक अशी तीन दगडी छत्रे छताला भिडायला निघाली आहेत. कार्ल्याच्या चैत्यात तर लाकडी छत्र आजही उभे आहे. पुढची शतके छत्र-चामरे आणि अब्दागिऱ्यांची, म्हणजे दरबाऱ्यांची. ती बखरकारांवर सोपवू. १८६०ला मुंबईत इब्राहिम करीम यांची छत्र्यांची पेढी निघाली, आणि छत्री हळूहळू साध्या माणसाच्या हाती आली.

आमच्या वडिलांच्या काळ्या छत्रीवर आई चैत्रात पांढरा अभ्रा शिवून चढवायची, कापड तापू नये म्हणून. बाजाराच्या दिवशी दुरुस्तीवाला पोते अंथरून बसे. मेलेल्या छत्रीची काडी काढून जिवंत छत्रीला लावायची, टोकाला दोऱ्याचे तीन-चार वेढे, दाताने दोरा तोडायचा, मग छत्री फटकन उघडून आभाळाकडे धरून भोके बघायची. आता तो कुठे दिसत नाही. तीनघडी छत्री एका वावटळीत उलटी होते आणि उकिरड्यावर जाते. त्याहून वाईट म्हणजे उन्हात छत्री धरायची पुरुषांना लाज वाटू लागली आहे. मे महिन्यात पारा ४३च्या पुढे जातो, तरी गडी रुमाल बांधून फटफटीवर. छत्री काय, बायका-म्हाताऱ्यांची!

रामनवमीला आमच्याकडे पोहरादेवीच्या यात्रेला याल तर उघड्या डोक्याने येऊ नका. आणि तेरवीची वाट न बघता एखादी छत्री बाजारात उन्हात भाजी विकत बसलेल्या बाईला आत्ताच द्या.