वाढीव बिल आले, वीज तोडू देऊ नका

निजामपुऱ्यातून आमच्याकडे माणूस येतो तो हातात विजेचे बिल घेऊनच. खोलीत एक पंखा, दोन दिवे, आणि आकडा हजारांत! मीटर खरे बोलते की खोटे, हे त्या बिचाऱ्याने कसे ठरवायचे? जानेवारी २००७ मध्ये महावितरणने भिवंडीचे वीजवाटप टोरंट पॉवरकडे सोपविले. पण वीज देणारा कोणीही असो, कायदा एकच.

लोक घाबरून कर्ज काढतात आणि बिल भरतात. कशासाठी? वीज कायदा २००३ चे कलम ५६ वाचा. वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस हवी. बिलावर वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांतली कमी असेल ती 'अंडर प्रोटेस्ट' लिहून भरावी. मग वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.

अनधिकृत वापराचा ठपका आला तर मात्र गोष्ट वेगळी. कलम १२६ खाली आकारणी दुप्पट दराने, आणि तीस दिवसांत अपील करायचे तर आधी निम्मी रक्कम भरा! २००७ च्या दुरुस्तीपूर्वी ती एक तृतीयांश होती. म्हणजे गरिबासाठी अपिलाचे दार आणखी अरुंद केले. ही अट रद्द व्हावी, अशी आमची मागणी आहे.

तोवर दर महिन्याला मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवा. तक्रारीच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या.